ठोकळ्यांचं कलम

रोळीत ठोकळे ओतले तसा खळ्ळकन आवाज झाला, आणि सकाळपासून गप्प असलेल्या घरात सगळ्यांच्या माना एकदम स्वयंपाकघराकडे वळल्या.

हेमा तांदूळ धुवावेत तसे आपल्या लेकाचे, सलिलचे, प्लॅस्टिकचे ठोकळे धूत होती. आधी साबणाच्या पाण्यात, मग उकळून निवलेल्या पाण्यात, मग स्वच्छ पंच्यावर पसरून वाळवायचे. मुंबईहून परतून तीनच दिवस झाले होते. आठ वर्षांच्या पोराला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. औषधांनी तो दबला, पण त्याच औषधांनी अंगातली लढायची ताकदही ओरबाडून नेली. निघताना डॉक्टरांनी एक कागद लिहून दिला होता. पाणी उकळलेलं, कच्चं काही नाही, माणसांची ये-जा नाही. आणि खाली दोनदा रेघ ओढून: माती नाही, कुंडी नाही, फुलं नाहीत. मातीत बुरशी असते, धडधाकट माणसाला ती काही करत नाही, याच्या श्वासातून आत गेली तर मात्र आवरायची नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या कुणाच्या घरी हा कागद निभावला असता. इथे तिच्या नवऱ्याचा, उन्मेषचा, धंदाच मातीचा. हातखंब्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्याची आंब्याच्या कलमांची नर्सरी, आणि घर त्या नर्सरीच्या पोटात. लाल माती नि शेणखत कालवायचं, काळ्या पिशव्यांत भरायचं, पाऊस लागला की कलमं बांधायची. सलिल पाय फुटले तेव्हापासून त्या पिशव्यांच्या रांगांतून हिंडलेला. धाकटी मनस्विनी, घरात सगळ्यांची मनू, पाच वर्षांची. पण पिशवी भरायला बसली की काठोकाठ भरून अंगठ्याने दाबून मगच दुसरीला हात घालायची. उन्मेष तिला मुकादम म्हणायचा.

कागद आला आणि उन्मेषने दारापुढच्या खळ्यातल्या चारशे पिशव्या एका दिवसात लांब कुंपणाशी नेऊन ठेवल्या. तुळस विहिरीपलीकडे गेली. मागीलदारी अंघोळ करून, कपडे बदलून, नखं घासूनच तो घरात पाऊल टाकू लागला. त्याच्या आईला, आनंदीबाईंना, हे काही पटेना. मातीनं कुणी मरतं का गो, आमची पाच पोरं मातीत लोळूनच मोठी झाली, असं त्या येता-जाता म्हणायच्या. एकदा तर नातवाच्या कपाळाला लावायला तुळशीतली चिमूटभर माती घेऊन आल्या. हेमाने दारातच त्यांचं मनगट धरलं. त्या दिवसापासून आनंदीबाईंनी सलिलच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही, आणि सासू-सुनेचं बोलणं चहा झाला का, दूध तापवलंस का, एवढ्यावर आलं.

ठोकळ्यांचा डबा आत्याने मुंबईला दवाखान्यातच दिला होता. वरच्या चित्रात मोटार होती, घर होतं. सलिलने दोन्ही केलं नाही. डबा पालथा करून त्याने रंगांच्या राशी घातल्या आणि जाणत्या माळ्यासारखं सांगितलं की यात हिरवं कमी, लाल-पिवळं जास्त, म्हणजे क्रोटनच होणार. लाल ठोकळ्यांची पोकळ कुंडी, त्यात क्रोटन. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या ठोकळ्यांचा फुललेला अनंत. मनू हात धुऊन, फडक्याने पुसून त्याच्या खाटेपाशी बसायची आणि मागेल तो ठोकळा हातात द्यायची. तिचं एकच टुमणं असायचं, यात माती कुठाय. याला लागत नाही, तो सांगायचा. मग हे जगणार कसं, ती विचारायची, आणि सलिल टक्कल पडलेलं डोकं हलवत हसायचा.

संध्याकाळी हेमा सगळी झाडं मोडायची, ठोकळे रोळीत धुवायची. सकाळी तो नव्याने लावणी करायचा. कधी कुरकुरला नाही. सुयांनाही तो कुरकुरत नसे; तेच तिला जास्त लागायचं.

जुलै उजाडला. बाहेर कलमं बांधायला सुरुवात झाली. बंद काचेआडून सलिल दिवसभर बघत बसायचा. कुंपणाशी, प्लॅस्टिकच्या कागदाखाली बसलेला बाबा, त्याच्या हातातला चाकू, दातांत धरलेली पट्टी. मग एका दुपारी त्याने आंब्याचं कलम केलं. नेहमीसारखी पोकळ कुंडी, तिच्यात खाली लाल ठोकळे, कारण कोयीतून आलेलं रोप कोवळं असताना तांबूसच असतं. वर हिरवी काडी. आईकडून दुधाच्या पिशवीची पट्टी उकळवून घेऊन त्याने ती जोडावर अशी नेमकी गुंडाळली की बापाने बघावं.

"हे मोडायचं नाही हं, आई," तो म्हणाला. "कलम बांधलं की पंधरा दिवस हलवायचं नसतं. बाबांना विचार हवं तर."

हेमाने विचारलं नाही. तिला ते ठाऊकच होतं. कित्येक महिन्यांत पोराने पहिल्यांदा काही मागितलं होतं. इंजेक्शन नको म्हणाला नव्हता, घरी चल म्हणाला नव्हता. पंधरा दिवस एवढंच मागत होता. ती बरं म्हणाली. बाकीची झाडं रोज धुवायची आणि कलम तेवढं स्पिरिटच्या बोळ्याने वरून पुसून घ्यायची. वरून.

चार-पाच दिवसांनी तिने पाहिलं, तर तो कलमाला नाक लावून बसला होता.

"वास येतो याला."

"कसला रे?"

"आपल्या खळ्याचा."

पोराला किती आठवण येत असेल म्हणून ती दाराआड जाऊन डोळे पुसून आली.

बाराव्या दिवशी ताप चढला. संध्याकाळी गाडी केली, दुसऱ्या दिवशी मुंबई. छातीत बुरशी आहे म्हणाले. कुठून आली असेल, असं उन्मेषने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, कपड्यांवरून, हवेतून, आमच्याच भिंतीवरून, कुठूनही. या प्रश्नामागे लागू नका. एकोणीस दिवस डॉक्टरांनी झुंज दिली. ऑगस्ट संपता संपता उन्मेष नि हेमा दोघंच परत आली.

दहावं-तेरावं झालं. पाहुणे पांगले. त्यानंतर कितीतरी दिवसांनी हेमा त्या खोलीत गेली. कलम खिडकीत होतं तसंच होतं. एवढं तरी जन्मभर जपायचं, असं मनाशी म्हणत तिने ते पुसायला उचललं आणि तिचा हात खाली गेला. प्लॅस्टिक इतकं जड नसतं. तिने वरची ठोकळ्यांची रांग काढली. आत लाल माती होती. शेणखत मिसळलेली, काठोकाठ भरलेली, आणि वर कापसासारखा पांढरा थर.

आनंदीबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. हेमाने कुंडी त्यांच्या सुपाशेजारी ठेवली.

"आई, ही तुळशीतली ना?"

आनंदीबाईंनी कुंडीकडे पाहिलं. मग हेमाच्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहिलं. दारात मनू उभी होती, फ्रॉकचा घोळ मुठीत धरून. म्हातारीची नजर तिथे थोडी अडकली आणि परत आली.

"हो. मीच घातली."

"मी तुम्हाला कागद वाचून दाखवला होता."

"दाखवलास."

"मग?"

"म्हातारी माणसं ऐकतात होय कुणाचं?"

बोलल्यावर परत घेता येत नाही असं एक वाक्य प्रत्येक घरात असतं. ते हेमा बोलली. "तुम्ही खाल्लंत माझ्या पोराला."

आनंदीबाईंनी मान वर केली नाही. त्या निवडत राहिल्या. फक्त खडे सुपात राहत होते आणि चांगले दाणे खाली पडत होते.

उन्मेषने एकदा सांगून बघितलं, की आई त्या खोलीत गेलीच नव्हती, तू धरलेलं मनगट ती विसरली नव्हती. हेमाने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. ती सासूच्या हातचं पाणी घेईना. त्यांनी वाढलेलं ताट बाजूला सारून आपलं आपण वाढून घेऊ लागली. तीन आठवडे हे सोसून आनंदीबाईंनी पिशवी भरली आणि मंडणगडला बहिणीकडे जाते म्हणाल्या. राहा असं हेमा म्हणाली नाही. उन्मेष त्यांना सकाळच्या एसटीत बसवून आला आणि थेट कुंपणाकडे निघून गेला.

दुपारी हेमा मनूची वेणी घालत होती. आजी कधी येणार, मनूने विचारलं. नाही येणार, हेमा म्हणाली. मनूने फ्रॉकचा घोळ मुठीत धरला. मग तोंड पुढे ठेवूनच म्हणाली,

"आजीनं सांगू नको म्हणून शपथ घातलीय."

फणी थांबली.

मग ते सगळं आलं, पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडून येतं तसं, मागचं पुढे नि पुढचं मागे. दादा झोपला होता. कलम रिकाम्या कुंडीत होतं. पिशवी अर्धी राहिली तर कलम मरतं, असं बाबा सांगतात. तिने कुंपणाकडच्या पिशव्यांतली माती फ्रॉकच्या खिशातून आणली, वरचे ठोकळे काढून भरली, अंगठ्याने दाबली, ठोकळे परत बसवले. दर खेपेला हात साबणाने धुतले, आईने शिकवलेत तसे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आजीला काही माहीत नव्हतं. त्या दिवशी ओटीवर तिने नुसतं बघितलं, आणि नंतर मागीलदारी नेऊन शपथ घातली.

हेमाच्या हातात अर्धी वेणी होती. ती सोडवतही नव्हती, पुढे घालतही नव्हती. मनू वळली, आणि वेणीचे पेड हातातून सुटले.

"चारच मुठी माती होती, आई. दादाला एवढीशीसुद्धा चालत नाही का गं?"