पत्त्यावरची मुलगी

आईने पिशवीतून मुलीचे जुने स्लीपर काढले आणि बहिणीच्या दाराशी, चपलांच्या रांगेत, मुद्दाम जरा वाकडे ठेवले. एक पाऊल मागे सरून पाहिलं. मग पुन्हा वाकून त्यातला एक उलटा केला.

"ताई, अगं काय चाललंय?" धाकटी बहीण हात पुसत बाहेर आली.

"घरात राहणाऱ्या माणसाच्या चपला सरळ नसतात."

"तिच्या चपला आत कपाटात आहेत. हे लहान होतात तिला आता."

आईने स्लीपर उचलून पिशवीत टाकले. लहान कधी झाले, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते बहिणीकडून कळून घ्यायचं तिच्या जिवावर आलं.

मुलीचा पत्ता तपासायला शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई चारच्या सुमाराला येणार होत्या. या भागातल्या पालकांनीच ओरड केली होती, की बाहेरची मुलं इथले पत्ते दाखवून आमच्या मुलांच्या जागा खातात. जागा होत्या विशेष विज्ञान तुकडीच्या. इथल्या सरकारी शाळेत त्या तुकडीला कार्यशाळा होती, यंत्रं होती, हाताला धरून शिकवणारे मास्तर होते. आईच्या भागातली शाळाही सरकारीच. तिथल्या प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. मुलीने, खारूने, प्रवेश परीक्षेत चांगले गुण काढले होते, आडवा येत होता तो फक्त पत्ता. म्हणून मावशीचा पत्ता दिला. मुलगी मावशीकडे राहते, असं लिहून दिलं.

वडिलांना ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. आताही ते खाली रस्त्यावरच उभे होते.

"वर चला ना," आईने बसमधून उतरताना म्हटलं होतं.

"मी आलो तर खरं बोलेन."

"मग नका येऊ."

"अगं, दोन्ही शाळा सरकारीच ना? मग आपल्या शाळेचं कुलूप काढा म्हणून भांडू. चोरासारखं इथे कशाला यायचं?"

"तुम्ही भांडा. तोवर पोरगी शाळा संपवून संसाराला लागेल."

हा वाद त्यांच्यात इतक्यांदा झाला होता, की आता दोघांनाही एकमेकांची वाक्यं पाठ होती.

आई आत गेली. शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवून तिची नजर बारकाव्यांना सरावली होती. खारूच्या खोलीत तिने ती चौफेर फिरवली. पडदा नवा होता. टेबलावर तारा, स्क्रू, तारांना डाग देऊन जोडायची तापणारी टोकदार कांडी, आणि लाकडावर जळल्याचा काळा चट्टा. तिने पिशवीतून खारूचा एक फ्रॉक आणि उशीचा अभ्रा आणला होता, पण खण उघडला तर तो गच्च भरलेला.

"हा पडदा कुणी निवडला?"

"तिनेच," बहीण म्हणाली. ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची तसं, अगदी मऊ. "आमच्या खारूची निवड चांगली आहे गं."

आमच्या. आईने खण जरा जोरातच लावला. आधी कार्यशाळेला उशीर झाला म्हणून एखादी रात्र, मग परीक्षा म्हणून आठवडा, आणि हल्ली घरी यायची ती रविवारपुरती. तरी ती राहते घरीच, इथे फक्त मुक्काम असतो, असं आई कारखान्यातल्या बायकांना सांगायची. ही धाकटी लहानपणीही असंच करायची. वस्तू मागायची नाही, नुसती वापरायला घ्यायची.

बेल वाजली.

तपासनीस बाईंना सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी घर पाहिलं.

"मुलगी इथेच राहते?"

"हो," दोघी बहिणी एकदम म्हणाल्या. बाईंनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"मी आई. भेटायला आलेय."

"नेमकं आजच?"

आईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात खारू शाळेतून आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. बाईंनी तिला शाळेचं काही विचारलंच नाही.

"झोप आली नाही की काय करतेस?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीत बसते. मावशी घोरते ना, मग झोप लागत नाही."

"मी कुठे घोरते?" मावशी दुखावली.

बाईंनी हसू रुमालात दाबलं, पण पेन उघडंच ठेवलं. मग त्या आईकडे वळल्या.

"तुम्हाला काय वाटतं? रुळली का इथे?"

आई याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिने सगळं घोकून ठेवलं होतं.

"हो तर! सगळं वेळच्या वेळी असतं तिचं. अंधाराची भीती वाटते, म्हणून रात्री दिवा लागतो, तो हिची मावशी न चुकता लावते. दुधाला तेवढी शिवत नाही. वासानेच मळमळतं तिला. आणि केसांना दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही, मीच..."

ती थांबली. खारू खाली फरशीकडे बघत होती. तिच्या पुढ्यात टेबलावर तिचा सकाळचा रिकामा पेला होता, त्याच्या काचेला दुधाची पांढरी कड होती. आणि तिचे केस मानेपर्यंत कापलेले होते. गेल्या रविवारी ती घरी आलीच नव्हती.

"आई, दिवा नाही लावत मी आता," खारू हळूच म्हणाली. "खूप दिवस झाले."

मावशी उगाच टेबलक्लॉथच्या सुरकुत्या काढू लागली. आईला वाटलं, सगळं आपणच घालवलं, पोरीची जागा आपल्या तोंडाने घालवली.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"झालं माझं काम. प्रवेश कायम राहील."

"बाई, मी जरा चुकीचं..."

"तुम्ही आलात ते बरं झालं." बाईंनी नाक पुसलं. त्यांचा आवाज घोगरा होता, पण कठोर नव्हता. "सकाळपासून ज्या ज्या घरी गेले, तिथे आयांना मुलांचं सगळं बिनचूक माहीत होतं. मुलं त्यांच्याचजवळ राहत होती."

त्या गेल्यावर खारूने टाळी वाजवली आणि मावशीच्या गळ्यात पडली. मग आईच्याही. आईने तिच्या आखूड केसांवरून हात फिरवला. तिच्या केसांना वेगळ्याच तेलाचा वास होता.

खाली वडील लगबगीने पुढे आले.

"काय म्हणाली?"

"प्रवेश राहिला."

"म्हणजे फसली."

"नाही."

"नाही कशी? मग खारू कुठाय? येत नाही आपल्याबरोबर?"

आईने पदराचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळलं, सोडलं.

"ती इथे राहते," ती म्हणाली.

वडिलांनी मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अगं, बाई गेली. आता कुणी ऐकत नाहीये."

आई बसथांब्याकडे चालू लागली.