तीस सेकंदांत उखर्डूभाऊ

माझ्या धंद्यात कॅमेरा नाही, नट नाही, गायक नाही. मेहरूणमधल्या घरी मागच्या खोलीत बसून मी एआयला सांगते आणि तो जाहिरात करून देतो. चित्र, आवाज, संगीत, सगळं. गिऱ्हाईक तेवढं त्याला बनवता येत नाही. ते देव बनवतो, आणि माझ्या वाट्याची तो घाईघाईत उरकतो.

अमळनेरचे तोतारामनाना त्यातलेच. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल विकतात. तीस सेकंदांची जाहिरात हवी म्हणाले आणि हातात एक कागद दिला. कागदावर एकोणीस नावं. सगळ्यात वर उखर्डूभाऊ, मग धाकटे भाऊ, पुतणे, जावई, शेवटी नातू चिरंजीव विहान, वय आठ महिने.

"नाना, ही जाहिरात आहे. लग्नपत्रिका नाही."

"बठ्ठासनं नाव लेनं पडी," म्हणजे सगळ्यांचंच नाव घ्यायचं, असं सांगून नाना तेल बघायला निघून गेले.

मी चिडले. सुनंदाकाकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, मला चहा दिला आणि हळूच सांगितलं, "तेल ते तसंबी इकायस, बेटा. हाई जाहिरात भाऊकरता शे."

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाच्या, योगराजच्या, लग्नपत्रिकेत थोरल्या भावाचं, म्हणजे याच उखर्डूभाऊंचं, नाव राहून गेलं; घरात त्यांना आबा म्हणतात. प्रूफ खुद्द नानांनी वाचलं होतं. आबा लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि धुळ्याला परत गेले, ते गेलेच. भागीदारी सोडली, बोलणं सोडलं. नाना दोनदा धुळ्याला माफी मागायला गेले, तर आबांनी भिंतीकडे तोंड केलं. फोन उचलत नाहीत, पण दिवसभर मोबाइल बघतात म्हणे. नाना तेल बघून परत आले तेव्हा मी सरळ विचारलं, एवढा खटाटोप कशाला?

"चार गावमा नाव गळनं, ते चार गावमाच लेवाले पाहिजे."

ते मला पटलं. कागदावरचा राग मात्र कायम होता.

मी एकोणीस नावं घातली. तीस सेकंदांत बसावीत म्हणून आवाजाचा वेग वाढवला. एआयची बाई श्वास न घेता पुतणे-जावई म्हणत सुटली. संगीत 'घरगुती आणि मंगल' मागितलं होतं, त्याने सनई दिली. तेलाचा डबा शेवटच्या दोन सेकंदांत ओझरता दिसला. माझ्या आईने जाहिरात बघून विचारलं, "लग्न कुठे आहे?"

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. नानांकडून आबांचा जुना फोटो घेतला आणि एआयला सांगितलं, दोघा भावांना घाण्यापाशी बसव, भाकरी-ठेचा खाऊ घाल, वरून तेल ओत. त्याने झकास बनवलं. आबा नानांच्या खांद्यावर हात ठेवून बत्तीस दात काढून हसत होते. मला वाटलं, आता नाना खूश.

नानांनी ती चित्रफीत तीनदा बघितली. चौथ्यांदा मोबाइल उलटा ठेवला.

"हाऊ मना भाऊ नही शे. मना भाऊ असा हासत नही." मग म्हणाले, "काढी टाक. त्याले इचारं नही, आन जेवाले बसाडी दिधं."

मला लाज वाटली. फोटो नानांनी दिला होता, पण आबांना विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी मी हात टेकले आणि सांगितलं, नाव एकच घेता येईल, कुणाचं ते घरच्यांनी ठरवा. घरात गलका झाला. जीएसटी मी भरतो, असं योगराज म्हणाला. दुकानाची जागा आमच्या बापाची, असं एक जावई म्हणाला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उखर्डूभाऊ."

"अहो बाबा, त्यांनी धंदा सोडलाय!" योगराज ओरडला.

"धंदा सोडा त्यानी. घर नही सोडं."

जाहिरात झाली. शेंगदाणे, घाणा, तेलाची धार आणि शेवटी भारदस्त आवाज: 'उखर्डूभाऊंच्या घरचं तेल.' नानांनी ती सगळ्या ग्रुपांवर टाकली. अमळनेरात लोक विचारू लागले, दुकान विकलं का? नाना म्हणायचे, नाही, मालकाचं नाव आत्ता लागलं. धुळ्याहून मात्र काही नाही. पाच दिवस नानांचा फोन मुठीतून सुटला नाही. मीही दिवसातून दोनदा विचारायची, आला का? इतकी काळजी मी स्वतःच्या परीक्षेच्या निकालाचीही केली नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी मी अमळनेरलाच होते. फोन वाजला. नानांनी घाबरून स्पीकर लावला.

"तोत्या," पलीकडून खरखरीत आवाज आला. "नाव लिधं ते लिधं. मनं तोंड काबर नही दखाडं? लाज वाटनी का तुले?"

नानांनी फोन काकूंकडे सरकवला. काकूच पुढे झाल्या. "भाऊ, तुम्ही या ना. तुमनं तोंड मोबाइलमा घेवाले पोरगी बसेल शे आठे." पोरगी म्हणजे मी.

"रविवारले येसू," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी आबा आले, कडक इस्त्रीची टोपी घालून. पंचाईत माझी झाली. जिवंत माणसाचं चित्रीकरण मी आयुष्यात केलं नव्हतं. दोघांना घाण्यापाशी बसवलं, मोबाइल धरला. आबा माझ्याकडे पोलीस चौकशीला आल्यासारखे बघत राहिले. "आबा, माझ्याकडे नको," मी म्हणाले. "नानांकडे बघा."

आबांनी मान वळवली. डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"तोत्या, कितला बारीक व्हई गया रे तू!"

नाना ढसाढसा रडले. मोबाइल माझ्या हातात चालूच होता.

योगराज म्हणतो, ते वाक्य काप. मालकच इतका खंगला, मग आपलं तेल कोण घेईल? त्याचं खरं आहे. नाना मात्र कापू देत नाहीत.