सोमा दगा भामरेचा सत्कार

साधना तिडकेने सोमा दगा भामरेला मार्च महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला, दुपारच्या जेवणानंतर, पाऊण तासात जन्माला घातलं.

त्याला कारण झालं पान सात. साधना नाशिक रोडला ‘शिट्टी’ नावाच्या क्रीडा पाक्षिकात उपसंपादक होती. म्हणजे बातम्या लिहिणं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या नीट करणं, फोटोंखाली ओळी देणं आणि संपादकांचं कानाचं यंत्र सापडत नसेल तर शोधून देणं, हे सगळं तिच्याकडे होतं. संपादक भिमाजी वाघचौरे यांना सगळं नाशिक रोड अण्णा म्हणायचं. अण्णा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले होते. तरुणपणी कबड्डीत त्यांनी एका चढाईत सहा गडी बाद केले होते, आणि ती चढाई ते अजून महिन्यातून दोनदा तरी सांगत.

पान सातवर खो-खो स्पर्धेचा वृत्तांत यायचा होता. तो लिहिणारे गुरुजी मेहुणीच्या लग्नाला गेले ते गेलेच. अंक नेमका एक एप्रिलचा. साधना अण्णांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“अण्णा, पान सात रिकामं आहे. एप्रिल फूल म्हणून एक थाप मारू का? खोटाच खेळाडू?”

“मार, मार,” अण्णा समोरच्या कागदांतून मान वर न करता म्हणाले. “बिनधास्त मार.”

यंत्र त्या वेळी डबीत होतं, हे तिला पुढे कळलं.

खेळ तिने बेसबॉल निवडला, कारण त्यातलं वाचकांना फारसं कळत नाही आणि कोणी चुका काढणार नाही. गाव निवडलं नामपूर, कारण तिथे कांद्याचं मोठं मार्केट आहे आणि कांदा साधारण त्या चेंडूएवढाच असतो. तिने लिहिलं की नामपूरचा सोमा लहानपणापासून मार्केटमध्ये कांदे निवडायचा. मोठा कांदा इकडे, बारीक गोल्टी तिकडे, अशी फेकाफेक करता करता त्याच्या हाताला असा वेग आला की एकदा त्याचा कांदा हमरस्त्यावरून गेला आणि वाहनांचा वेग मोजणाऱ्या यंत्राने त्याचा फोटो काढला. ताशी एकशे एक्याऐंशी किलोमीटर. एकदा सहादू नावाच्या शेजाऱ्याच्या पत्र्यावर त्याने कांदा मारला, तर पत्र्याला खोक पडली आणि कांदा मात्र शाबूत राहिला. अमेरिकेतून दोन माणसं त्याला बघायला आली होती, पण सोमा लाजरा असल्यामुळे मक्यात जाऊन बसला.

वडिलांचं नाव तिने मुद्दाम दगा ठेवलं. एवढ्यावरून शहाण्याला कळेल असं तिला वाटलं. नामपूरच्या बाजूला, बागलाणात, दगा नावाची चिक्कार माणसं आहेत, हे तिच्या लक्षात आलं नाही. शेवटी खुलाशाची एक ओळही होती, पण पान लावताना ती ठिबक सिंचनाच्या जाहिरातीखाली गेली.

एक एप्रिलला सकाळी ती कार्यालयात आली तेव्हा अण्णा खिडकीजवळ उभे होते. हातात अंक, डोळे ओले.

“साधना, बस,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मी या जिल्ह्यात असा माणूस शोधतोय. आणि तू तो टेबलावर बसून शोधलास.”

“अण्णा, तेच सांगायचं होतं. तो ना...”

“काही बोलू नकोस. विनय चांगला, पण आज नको. मी हॉल ठरवला आहे. वीस तारखेला, रविवारी सकाळी सोमाचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र तू लिही.”

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. पण त्याच दुपारी फोन वाजला.

“मी गेणू भामरे बोलतोय, नामपूरहून,” पलीकडून जाड आवाज आला. “पेपरमध्ये आमच्या सोमाचं छापून आलंय, ते कोणी लिहिलं?”

“मी,” साधना म्हणाली. खरोखरीच तिथे कोणी सोमा भामरे असेल आणि आता तो आपल्याला कोर्टात खेचणार, असं तिला वाटलं.

“लय भारी लिहिलं, ताई! तो मना चुलतभाऊच शे. फक्त एक चुकलं. एकशे एक्याऐंशी नाही. दोनशेच्या वर जातो.”

साधनाने फोन ठेवला आणि ती दोन ग्लास पाणी प्यायली. संध्याकाळपर्यंत असे अकरा फोन आले. एकाने सोमाला पोहायला शिकवलं होतं. एकाच्या वर्गात तो तीन वर्षं होता, त्यातली दोन वर्षं एकाच इयत्तेत. सटाण्याच्या एका बाईंना भाचीसाठी त्याची पत्रिका हवी होती.

आपण थापच मारली होती ना, असं तिने स्वतःला एकदा विचारून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून ती नामपूरला गेली.

मार्केटमध्ये उन्हाळ कांद्याची आवक जोरात होती. ट्रॅक्टरांची रांग थेट रस्त्यापर्यंत. गेणू भामरे फाटकापाशीच भेटला. पन्नाशीचा, भक्कम, पांढरी टोपी, खिशात घडी घातलेलं पान सात.

“सोमा कुठे आहेत?” साधनाने विचारलं.

“अरे, आत्तेच गया,” गेणू म्हणाला. “पाच मिनिटं आधी यायचं ना.”

चहाच्या टपरीवर विचारलं, तर सोमा तिथून नुकताच उठून गेला होता. सलूनमध्ये विचारलं, तर नुकतीच दाढी करून गेला होता. सहादू नावाचा एक म्हातारा तिला हाताला धरून घरी घेऊन गेला आणि त्याने पत्र्याची खोक दाखवली. खोक खरी होती. तीत हात जात होता.

“ही कांद्याची?” साधनाने घाबरत विचारलं.

“मंग कशाची?” सहादू म्हणाला. “पेपरात छापलंय ना तुम्हीच.”

परत येताना गेणूने तिला एका लिंबाखाली थांबवलं. इकडेतिकडे बघून तो आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, एक विचारू? कोणाला सांगू नका. सोमा दिसायला कसा आहे?”

“तुमचा चुलतभाऊ ना?”

“भामरे म्हणजे चुलतभाऊच असणार की. पण आमच्यात दीडशे घरं. बाकी सगळ्यांना तो माहीत आहे, मलाच तेवढा आठवत नाही. कोणाला विचारायची लाज वाटते.”

तो गेल्यावर टपरीवाला आला, मग सलूनवाला. दोघांनी तेच विचारलं. सहादूने तर एसटी थांब्यापर्यंत सोबत येऊन विचारलं. गावातल्या एकूण एक माणसाला वाटत होतं की सोमा सगळ्यांना ठाऊक आहे आणि मीच एकटा मागे राहिलो.

थाप न मारलेलं एकच माणूस तिला भेटलं होतं. मार्केटच्या शेडमध्ये कुसाबाई नावाची साठीची बाई गोणपाटावर बसून कांदे निवडत होती. बोलताना तिचा हात थांबत नव्हता. गोल्टी उचलायची आणि मागे न बघता खांद्यावरून भिरकवायची, ती दहा-बारा पावलांवरच्या ढिगावर बरोब्बर पडायची.

“मावशी, तुम्ही सोमाला ओळखता?”

“कोण सोमा?” कुसाबाई म्हणाली. “माले काम शे. उजेड सोड.”

सोमवारी साधना अण्णांपुढे उभी राहिली. आधी डबी उघडून यंत्र त्यांच्या हातात दिलं, ते कानात बसेपर्यंत वाट पाहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी पान सात पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं.

“थाप मारायच्या आधी मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं होतं, अण्णा.”

“मी काय म्हणालो?”

“मार, मार. बिनधास्त मार.”

“मला वाटलं, तू पाकिटांवर शिक्के मारायचं विचारतेस.” अण्णांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे तो कांद्याचा फोटोपण नाही?”

“नाही.”

“आणि मका?”

“तोही नाही, अण्णा.”

मक्याचं त्यांना फार लागलेलं दिसलं. साधनाला आपली लाज वाटली. तिने राजीनाम्याचा कागद पुढे केला. अण्णांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

“कबड्डीत अंगाला हात लागला की गडी आपणहून बाहेर जातो,” ते म्हणाले. “पंचाच्या तोंडाकडे बघत बसत नाही. हॉल ठरलाय, लोक येणार आहेत. नुसता खुलासा छापून भागायचं नाही, तू व्यासपीठावरून तोंडाने सांगायचं. मी शेजारी उभा राहीन.”

वीस तारखेला हॉल खचाखच भरला. नामपूरहून तीन जीप आल्या. कुसाबाईही आली होती, कारण तिची नात नाशिक रोडजवळच्या एकलहऱ्याच्या कॉलनीत दिलेली होती आणि जीपमध्ये एक जागा होती. पहिल्या रांगेत मुलींच्या बेसबॉल संघाची प्रशिक्षक सायली बसली होती. सोमाच्या हातात द्यायला तिने नवाकोरा चेंडू आणला होता आणि तो टेबलावर फुलांच्या तबकात ठेवला होता. हॉलच्या मागच्या भिंतीवर भलामोठा फलक टांगला होता आणि त्याच्याखाली आचारी भजी तळत होता. सोमाचा फोटो कोणाकडेच नसल्यामुळे छापणाऱ्याने नुसती काळी आकृती काढून तिला फेटा बांधला होता.

साधनाने माईक हातात घेतला.

“सोमा दगा भामरे नावाचा कोणी खेळाडू नाही,” ती म्हणाली. “ती एप्रिल फूलची थाप होती. मी मारली. माफ करा.”

मग गेणू उठला.

“असं कसं नाही?” तो कडाडला. “आमच्या गावचा माणूस. तुम्ही नाशिकमध्ये बसून नाही म्हणणार?”

“मी त्याला पोहायला शिकवलंय!” मागून एक जण ओरडला.

“आणि माझ्या पत्र्याचं काय?” सहादू म्हणाला. “त्याला खोक आपोआप पडली का?”

मग एकच गलका उडाला. आमच्या पोराचं नाव झालेलं शहरवाल्यांना बघवत नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. नाशिक रोडची माणसंही त्यांना सामील झाली, कारण त्यांच्यातल्या दोघातिघांनी सोमाला स्टेशनवर पाहिलेलं होतं. साधना माईक धरून तशीच उभी. तिने खोटं बोलल्यावर गावाने तिला डोक्यावर घेतलं होतं, आणि खरं बोलल्यावर ते तिच्या अंगावर येत होतं.

अण्णांनी माईक घेतला आणि जुन्या सवयीने तोंडाने शिट्टी मारली. सगळे थबकले.

“ज्यांनी सोमाला पाहिलंय त्यांनी हात वर करा.”

सगळ्या हॉलने हात वर केले.

“ठीक. आता सगळ्यांनी डोळे मिटा. घट्ट. शेजारी काय करतो ते बघायचं नाही. आता ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्यांनीच हात वर करा.”

साधनाने हॉलभर नजर फिरवली. गेणूचा हात मांडीवर होता. सहादूचा काठीवर. तीनशे माणसांत मिळून एकच हात वर होता, तिसऱ्या रांगेत, हिरव्या बांगड्यांचा.

“डोळे उघडा,” अण्णा म्हणाले. सगळ्यांनी वळून वळून पाहिलं. “बाई, तुम्ही पाहिलंय सोमाला?”

“नही भाऊ,” कुसाबाई म्हणाली. “माले पानी पाहिजे व्हतं.”

आधी गेणूच हसला. तोंडावर टोपी धरून तो असा गदगदा हलायला लागला की शेजारचा सलूनवाला हसला, मग सहादू, मग हॉलच फुटला. तू नाही पाहिलास? मीपण नाही! मग पोहायला कोणाला शिकवलंस? लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

कुसाबाई तोवर पाण्यासाठी व्यासपीठावर येऊन पोचली होती. ग्लास रिकामा करून ती तबकातल्या चेंडूकडे बघत राहिली. मग तिने तो उचलला आणि बोटाने शिवण चाचपली.

“हाऊ फाटेल व्हता का?” तिने विचारलं. “टाका घालेल शेतस.”

“तो तसाच असतो, आजी,” सायली हसत म्हणाली. “फेकून बघा. त्या फलकावर मारा.”

“उभं राहीसन फेकू?”

“तुम्हाला जमेल तसं.”

कुसाबाई व्यासपीठाच्या कडेला मांडी घालून बसली. पदर खोचला. कोपर जरासं मागे गेलं, मनगट हललं, एवढंच साधनाला दिसलं. तीनशे डोक्यांवरून चेंडू सरळ रेषेत गेला आणि काळ्या आकृतीच्या फेट्याखाली, नाक असायला हवं होतं तिथे, आरपार घुसला. दोरी तुटली आणि सगळा फलक भजी तळणाऱ्या आचाऱ्याच्या अंगावर येऊन पडला.

सायली उठून उभी राहिली होती. तिचं हसणं थांबलं होतं.

“आजी, परत एकदा मारता?”

“कितला खेपा?” कुसाबाईने विचारलं. “मी सकायपासून सांजवर मारस.”

तिने आणखी चार वेळा मारला. दुसऱ्यांदा खांब, तिसऱ्यांदा खांबावरची ‘प्रवेश बंद’ची पाटी, चौथ्यांदा पाटीवरचा ‘प्र’. पाचव्यांदा सायली स्वतः मागच्या भिंतीपाशी हातमोजा घालून उभी राहिली, आणि चेंडू झेलल्यावर तिने मोजा काढून तळहात झटकला.

शाल आणि श्रीफळ अण्णांनी कुसाबाईला दिलं. आधीच छापून झालेल्या मानपत्रावरचं नाव साधनाने तिथल्या तिथे पेनने बदललं आणि कांदे निवडण्याबद्दलचा मजकूर आहे तसाच राहू दिला. कारण त्यातलं एक अक्षरही आता खोटं नव्हतं. फक्त कुसाबाईने अमेरिकेच्या माणसांबद्दलची ओळ खोडायला लावली.

मे महिन्यात कुसाबाई आठ दिवस नातीकडे एकलहऱ्याला राहायला आली, तेव्हा सायली रोज सकाळी तिला स्कूटरवरून मैदानावर घेऊन जायची. साधना एकदा फोटो काढायला गेली. मैदानाच्या मधोमध गोणपाट अंथरलं होतं, कुसाबाई त्याच्यावर बसून मनगट कसं सोडायचं ते दाखवत होती, आणि संघाच्या चौदा मुली तिच्याभोवती मांडी घालून चेंडू फेकत होत्या. फेक सगळ्यांची फार सुधारली होती. आता त्यांना पुन्हा उभं कसं करायचं, एवढीच सायलीला काळजी होती.