एका दिवसाचे पाहुणे

"अहो, गरम पाण्याचा नळ कुठला?" न्हाणीघरातून बायको ओरडली. टाकीवाला "डावीकडचा" म्हणेपर्यंत आतून किंकाळी आली आणि पाठोपाठ खदाखदा हसणं.

"अगबाई, थेट डोक्यावरच पडतंय की हो!"

टाकीवाला पाहुण्यांना देतात तो अंघोळीनंतरचा पांढरा झगा घालून पलंगाच्या अगदी कडेला बसला होता. नीट मागे सरकून बसायची त्याला अजून भीड वाटत होती. सतरा वर्षं त्याने या बेटावरच्या रिसॉर्टच्या साठ खोल्यांना पाणी पुरवलं होतं. समुद्राचं खारं पाणी गोडं करायचं, मागच्या टेकाडावरच्या टाक्यांत भरायचं आणि पंपाने खोल्यांपर्यंत ढकलायचं. पण पाहुण्यांच्या खोलीतला नळ त्याने स्वतःसाठी कधी सोडला नव्हता. आज मात्र हेच साहेब खुद्द पाहुणे होते. आनंद नुसता ओसंडून वाहत होता.

रिसॉर्टची ही एक पद्धतच होती. दर वर्षी सगळ्या कामगारांच्या चिठ्ठ्या बरणीत टाकायच्या. ज्याची निघेल त्याने घरचं एक माणूस बोलवायचं आणि दोघांनी एक दिवस पाहुणे म्हणून राहायचं. अट एकच, त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. लावला की पाहुणचार तिथेच संपला. मॅनेजरने ही अट नाइलाजाने घातली होती, कारण पहिल्या वर्षी धुलाईच्या बाईंनी सबंध दिवस स्वतःच्याच खोलीतल्या चादरींना इस्त्री केली होती, आणि दुसऱ्या वर्षी भांडीवाले काका जेवून उठले ते थेट स्वयंपाकघरात जाऊन आपली ताटली विसळायला लागले होते.

यंदा टाकीवाल्याची चिठ्ठी निघाली तेव्हा तो फोनवर इतका ओरडला, की काहीतरी अपघात झाला असं बायकोला वाटलं. वर्षातून एक महिना घरी येणारा नवरा. दोन मुलींची शिक्षणं, लग्नं, सासूचं आजारपण, सगळं तिने एकटीने निभावलं होतं. तिने एवढंच विचारलं, "ते मासे दिसतील का हो? तुम्ही सांगता ते, निळे?"

मासे दाखवणारी काचेच्या तळाची बोट दिवसातून एकदाच सुटायची, सकाळी अकराला. उद्या पहाटे तर परतायचंच होतं. तिने बोटीसाठी खास फुलाफुलांचा नवा झगा शिवून आणला होता आणि सकाळपासून तीनदा अंगाला लावून आरशात पाहिला होता. बोटीच्या नावाने तिची लहान पोरीसारखी धांदल चालली होती. ते बघून टाकीवाल्याला उगीचच भरून येत होतं.

"अहो, पाणी गेलं! डोक्याला साबण तसाच आहे माझ्या."

पाठोपाठ नळातून आवाज आला. फुस्स. खळखळ. फुस्स.

दुसऱ्या कुणी रिसॉर्टच्या नावाने बोटं मोडली असती. टाकीवाला मात्र ताडकन उभा राहिला. काल त्याने मोठी टाकी धुतली होती. धुताना तिचा व्हॉल्व्ह बंद केला होता. आणि मग शर्टाला इस्त्री करायची, दाढी करायची, बायकोला आणायला धक्क्यावर जायचं, या नादात तो उघडायचाच राहिला होता! कालपासून साठ खोल्या एकट्या लहान टाकीवर चालल्या होत्या. ती आता संपली. पंप कोरडा फिरत होता आणि फार तर पंधरा मिनिटांत जळणार होता.

त्याने पंपघरात फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिथे पंपाच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि आजचा बदलीवाला जनरेटरवरचा माणूस. तो जुना व्हॉल्व्ह आधी डावीकडे दाबून मग उलटा फिरवावा लागतो, हे त्याला कुठून माहीत असणार? घड्याळात अकराला वीस कमी होते.

"तू डोकं पूस आणि बोटीवर जा," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"आलोच."

"अकराच्या आत?"

"आलोच म्हटलं ना!"

आणि तो सुटलाच. पांढरा झगा, अनवाणी पाय, फडफडणारा पट्टा. वाटेत आरामखुर्च्यांवर पहुडलेली मंडळी बघत राहिली. एकाने तर शर्यत समजून टाळ्यासुद्धा वाजवल्या. पंपघरात बदलीवाला प्रत्येक बटणाकडे आळीपाळीने बघत उभा होता. टाकीवाल्याने पंप बंद केला, टेकाड चढला, व्हॉल्व्ह दाबला, सगळा जोर लावून फिरवला. पाइपात पाणी धडधडत उतरलं तसा तो एकटाच ओरडला, "आलं रे आलं!" मग खाली येऊन पंपातली हवा काढली आणि बटण दाबलं. पंपाने दोन आचके दिले आणि सूर धरला.

तेवढ्यात मॅनेजर आला. दोन्ही हातांत दोन फोन, दोन्हींतून तक्रारी.

"व्हॉल्व्ह कुणी बंद ठेवला?" असं विचारताना तो बदलीवाल्याकडेच बघत होता. बदलीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. बोट अजून धक्क्यावर होती.

"मी," टाकीवाला म्हणाला. "काल. उघडायचा विसरलो."

मॅनेजरने त्याच्या झग्यावरचे ग्रीसचे डाग पाहिले. "अट ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला. टाकीवाल्याने मान वळवली, तर दारात बायको उभी. नवा झगा, केसांत वाळत चाललेला साबण.

"अगं, बोट?"

"सुटली."

"वेडी की काय तू! मी सांगितलं होतं ना तुला जायला?"

"गेले होते की. शिडीवर पायसुद्धा ठेवला. पण पुढे जायचं मनच होईना. विचारत विचारत इथवर आले." ती आत आली. "सतरा वर्षं फोन केला की तुम्ही म्हणायचात, कामावर आहे. मी आपलं हो म्हणायचे. पण ते कामावर म्हणजे कुठे, हे मला कधी दिसलंच नाही हो."

मॅनेजरने दोन्ही फोन खिशात घातले. "झगा उतरवा," तो टाकीवाल्याला म्हणाला. "तुमचा पाहुणचार संपला." मग बायकोकडे बघून आवाज खाली आणला. "बाईंचा नाही." आणि बदलीवाल्याला घेऊन तो निघून गेला.

"माझ्यामुळे गेली गं तुझी बोट," टाकीवाला म्हणाला. त्याला बायकोकडे बघवेना.

"गेली," ती म्हणाली. "वाईट वाटतंय मला. खोटं कशाला सांगू? पण आता दाखवा तरी सगळं."

त्याने खुंटीवरचा निळा गणवेश घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. कोपऱ्यातलं एकुलतं एक स्टूल पुढे ओढलं आणि पांढऱ्या झग्याच्या स्वच्छ राहिलेल्या बाहीने ते पुसलं. ती आपल्या नव्या झग्याचा घेर सावरून ताठ बसली. मग तो एकेका पाइपावर हात ठेवत, पंपाच्या घरघरीवर आवाज चढवत, कुठलं पाणी कुठे जातं ते तिला सांगू लागला.