झुंबरबाईच्या पेटीवरचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही, मित्रांनो. ऐकायचं असेल तर जरा लांब बसून ऐका.

अलीगढच्या कारखान्यात मला घडवलं आणि चोपड्याच्या बाजारातून झुंबरबाईनं मला घरी आणलं. आणण्याआधी मला ओढून बघितलं, आपटून बघितलं, दुकानदाराकडे डोळे वटारून बघितलं. तेव्हाच वाटलं, या बाईशी आपलं जमणार! नवरा वारल्यावर शेत, गोठा, घर सगळं तिनं एकटीनं ओढलं होतं. मी तिच्या धान्याच्या कोठीला असे. शेजारची पुष्पाबाई कौतुकानं म्हणायची, "कुलूप शे का वाघ शे व!" मला ते आवडायचं. पण ही माझं कौतुक का करते, अशी शंकाही यायची.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली, तेव्हाची ही गोष्ट. झुंबरबाईचा मुलगा रुपचंद आफ्रिकेतल्या लागोस शहरात कापडाच्या दुकानात नोकरीला होता. रजेवर आला, धुळ्याच्या शिकलेल्या प्रमिलेशी लग्न केलं आणि जागा बघायला म्हणून पुढे निघून गेला. वैशाखात प्रमिलेनं मागून बोटीनं जायचं होतं. झुंबरबाईला ते मुळीच मान्य नव्हतं. मुलगा गेलाच, आता सूनही गेली तर घरात उरतं कोण? तोंडानं ती काही बोलली नाही. सुनेचा पासपोर्ट आणि बोटीचं तिकीट तिनं माजघरातल्या पेटीत टाकलं, कोठीवरून काढून मला पेटीला अडकवलं आणि किल्ली कमरेला खोचली.

खरी भानगड त्यानंतर सुरू झाली. दुपारी घर रिकामं झालं की प्रमिला माझ्यासमोर यायची, पदर सावरून गुडघे टेकायची आणि पुटपुटायची, "ए कू इशे." मग तेच आवाज चढवून. मग उतरवून. अहिराणी नाही, मराठी नाही, गुजराती तर नाहीच नाही! ही आपल्यावर मंत्र टाकतेय, आज ना उद्या आपण आपोआप उघडणार! मी अंग आवळून घेई.

एकदा पुष्पाबाईनं हे खिडकीतून पाहिलं आणि झुंबरबाईचे कान भरले. "तुनी सून करनी करी राह्यनी. कुलूपले हात जोडस!"

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई शेतात गेलीच नाही. अंगणात खाटेवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घालत बसली. प्रमिलेनं आत येऊन गुडघे टेकले मात्र, ही पिठाच्या हातांनिशी दारात उभी!

"कोनता मंतर शे हाऊ?"

प्रमिला दचकली, पण खोटं बोलली नाही. "मंत्र नाही, आत्याबाई. तिकडची बोली आहे, योरुबा. तिथं मोठ्या माणसांशी बाईनं गुडघे टेकून बोलायचं असतं. रजेवर होते तेव्हा हे या पेटीवर तिथली म्हातारी होऊन बसायचे आणि मला शिकवायचे. आवाज चढला की शब्दाचा अर्थ एक, उतरला की दुसरा. तिथं गेल्यावर बायका हसू नयेत, म्हणून घोकते."

"मना रुप्या म्हतारी बनी बसना?" झुंबरबाईला हसू येत होतं, पण तिनं ते गिळलं. "आनि आते काय बोलनी तू?"

"कुणी राबत असलं, तर त्याच्या कामाला नमस्कार केल्याशिवाय तिथं पुढे जात नाहीत. त्याचे शब्द आहेत ते." प्रमिला माझ्याकडे पाठ करून वळली, सासूसमोर गुडघे टेकले आणि म्हणाली, "ए कू इशे, आत्याबाई."

लाडीगोडी! किल्ली काढायची युक्ती! मला ओरडून सांगावंसं वाटलं. झुंबरबाई आपल्या पिठानं माखलेल्या हातांकडे बघत राहिली.

"या घरमा माले असं कोनीच बोलनं नई," ती म्हणाली आणि पेटीवर बसली. मग तिनं विचारलं, "आनि कोनी दूर जाई राह्यनं तर?"

प्रमिला अडखळली. "ओ दाबो. म्हणजे, परत येईपर्यंत."

झुंबरबाईनं डोळे पुसले. गालाला पीठ लागलं. किल्ली माझ्या पोटात शिरली. मला उघडावं लागलं.

निघायच्या सकाळी आम्ही मोटारीपर्यंत गेलो. आम्ही म्हणजे झुंबरबाई आणि मी. घराला लावायचं विसरून तिनं मला मुठीतच धरलं होतं. मोटार सुरू झाली. झुंबरबाई खिडकीजवळ सरकली. मोटार हलता हलता ती एकदम मोठ्यानं म्हणाली, "ओ दाबो!" आवाज कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा, सगळं चुकलं. खिडकीतली प्रमिला हसली नाही. ती रडत होती.

मित्रांनो, संशय घेणं हे माझं काम आहे. लोखंडाला तेवढंच येतं. तुम्हाला देवानं तोंड दिलंय, तर कुलूप लावण्याआधी एकदा विचारत जा. आणि मला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, गंज फार चढलाय.

झुंबरबाई त्या 'परत येईपर्यंत' या शब्दाला जागेल, असं मला काही वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी घरी आल्यावर तिनं सुनेचं अंथरूण उन्हात टाकलं, झटकलं आणि घडी करून तिच्या जागी ठेवलं. पुढं दर महिन्याला ती हे करत राहिली.