गोधडीखालची घंटी

मी एक जुनी विजेची घंटी आहे. पण मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे असं टक लावून का बघताय? हात आधी मागे घ्या बरं. रागावू नका, माझा स्वभावच संशयी आहे, कारण धंदाच तसा होता. देवळातली घंटी वाजली की लोक हात जोडतात, शाळेतली वाजली की पोरं घराकडे पळतात. मी मात्र लेकराच्या गोधडीखाली वाजायची, आणि वाजले की घरात कुणाचं तरी तोंड उतरायचं. अशा कामात राहून कुणाचा स्वभाव गोड राहील, तुम्हीच सांगा!

माझा जन्म हैदराबादचा. निजामाचं राज्य होतं. शहरात विजेचे दिवे लागले होते, पण आमच्या बीड जिल्ह्यात लोक अजून कंदिलाचीच काच पुसत होते. उत्तरेश्वर नावाचा एक तरुण हैदराबादेत बिजली खात्यात नोकरीला होता. त्याने एका परदेशी डॉक्टरकडे असलं यंत्र पाहिलं आणि घरी बसून मला बनवलं. तांब्याच्या दोन जाळ्या, मध्ये जाड कापड, बाजूला लाकडी पेटी, पेटीत बॅटरी, आणि पेटीवर मी, म्हणजे पितळेची वाटी आणि तिच्यावर टोला मारणारी बारीक हातोडी. लेकरू झोपेत ओलं करायला लागलं की मधलं कापड भिजायचं, वीज या जाळीतून त्या जाळीत जायची आणि मी कोकलत सुटायची. लेकरू जागं व्हायचं आणि उठून परसात जायचं. हळूहळू मी वाजायच्या आधीच त्याला जाग यायला लागायची. मग माझी गरज संपली. एवढंच माझं काम. नाही मार, नाही झटका, नाही शिवी.

उत्तरेश्वरने मला शेजारच्या एका मुलावर लोखंडी खाटेवर तपासून पाहिलं. पोरगं सुधारलं. गल्लीतले लोक मला बघायला आले, "कमाल की चीज है मियाँ" म्हणाले, आणि उत्तरेश्वरची छाती फुगली. त्या कौतुकाचाही मला संशयच आला होता. फार गोड बोलणं मला पहिल्यापासून पचत नाही.

मला बनवलं होतं ते त्याच्या भाचीसाठी. तिचं नाव सत्यभामा, घरात सगळे भामा म्हणायचे. वय असेल नऊएक वर्षांचं. गेवराईच्या अलीकडे गोदाकाठच्या एका गावात तिचे वडील भगवानराव मोठे जमीनदार होते. गावात मुलींची शाळा नव्हती. मामाने सुट्टीत येऊन तिला अक्षरं शिकवली, आणि पोरीला त्याचं असं वेड लागलं की चुलीतला कोळसा घेऊन ती दिसेल त्या भिंतीवर लिहायची. हैदराबादेत मराठी मुलींची शाळा होती, राहायची सोय होती. मामा तिला न्यायला तयार होता. अडत होतं एकाच गोष्टीवर. भामा अंथरुणात ओलं करायची, आणि अंथरूण ओलं करणारी मुलगी तिथे ठेवून घेत नव्हते.

श्रावणात उत्तरेश्वर मला घेऊन आला. जालन्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. सगळी वाट मी त्याच्या मांडीवर. बहिणीला, म्हणजे कौशल्याबाईंना, त्याने मला कसं मांडायचं ते दाखवलं आणि म्हणाला, "आक्का, मी नवरात्रात येतो. तवर हिची सवय सुटली तर घेऊन जातो. न्हाई सुटली तर पुढं मला बोलू नका."

भामाने हळूच माझ्या वाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मामा, मी सोडते बगा सवय."

बाकी कुणाला माझा भरवसा वाटला नाही. घरकामाला येणारी छबुबाई मला बघून उंबऱ्यातच थबकली. "बाईसाब, ह्या तारा कशाच्या वो? गावात लोक म्हनत्यात, भगवानरावाच्या घरात तार आली, पेवात किती जवारी दडवली हाय ती तहसिलीला कळती म्हनं!" भगवानरावांच्याही मनात पाल चुकचुकलीच. दोन दिवस ते माझ्यासमोर दाण्यादुण्याचं एक अक्षर बोलले नाहीत. मीही त्यांच्यावर नजर ठेवून होते म्हणा!

सुरुवातीला मी वाजले ते खरं वाजले. भामा दचकून उठायची, डोळे चोळत परसात जायची, परत येऊन झोपायची. मग एक रात्र कोरडी गेली, मग आणखी एक. पोर सकाळी उठली की माझ्याकडे बघून हसायची. आणि मग काय झालं कोण जाणे, मी पुन्हा रोज वाजायला लागले.

आता नीट ऐका. भामा झोपायची माजघरात, आणि माजघराला लागून देवघर. लेकराने ओलं केलं म्हणजे जमीन विटाळली, ती सारवायलाच पाहिजे, असं कौशल्याबाईंचं म्हणणं. पण ते छबुबाईच्या हातून करून घ्यावं तर उद्या पाणवठ्यावर बोभाटा. म्हणून त्या छबुबाई घरी गेल्यावर, दिवेलागणीला, स्वतः पदर खोचून तेवढी जागा शेणाने सारवायच्या. श्रावणात ते निजेपर्यंत सुकायचं; पण कोरड्या रात्रींनंतर भामा एकदा चुकली तेव्हा बाहेर भादव्याची झड लागली होती, आणि माजघराला खिडकी नाही. जमीन कशाची वाळते! त्याच ओल्या सारवणावर पोतं, त्यावर माझ्या जाळ्या, त्यावर गोधडी आणि गोधडीवर भामा. खालून ओल चढायची, मधलं कापड भिजायचं, आणि मी वाजायची. वाजले की दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सारवण. सारवलं की पुन्हा मी वाजायची. कळलं ना? लोखंडी खाटेवर वाढलेली मी. मला काय ठाऊक सारवण म्हणजे काय?

"माय, मी न्हाई केलं," भामा म्हणायची.

"मग घंटी काय येडी हाय?" कौशल्याबाई गोधडीचा खालचा पदर दाबून बघायच्या. "ही बग, वली हाय."

"पर माजा परकर कोरडा हाय की!"

इथे मी कान टवकारले होते. वाटलं, आता तरी या बाईच्या डोक्यात उजेड पडेल. पण संशयाचं पोट फार मोठं असतं मित्रांनो, त्यात पुरावासुद्धा जिरतो. कौशल्याबाईंनी परकर चाचपला आणि डोळे बारीक केले.

"बदललास व्हय गं? लबाड कुठली! मामाला फसवायला निगालीस?"

त्या दिवसापासून पोरीचे परकर मोजून पेटीत कुलपात गेले. दुपारनंतर तिला पाणी मिळेना. रात्रीच्या ताटातली आमटी बंद झाली, कोरडी भाकर आणि चटणी. ठसका लागला तरी घोटभरच पाणी. आई वाईट होती असं समजू नका. पोरीने शिकावं ही तिचीही ओढ होती, म्हणून तर ती एवढी कातावली होती. "आगं, तुज्याच जल्माचं सोनं व्हावं म्हणून करते मी," असं म्हणून ती एकीकडे रडायची आणि दुसरीकडे तांब्या उचलून वर ठेवायची. भगवानराव ओसरीतूनच म्हणायचे, "जाऊ द्या की, काहून तिच्या मागं लागलात? न्हाई शिकली तर काय अडतंय!" त्याने तर भामाला जास्तच धडकी भरायची.

नवरात्र जवळ आलं तसं पोरीचं बोलणंच बदललं. एका सकाळी ती जाळ्या उचलताना माझ्यापाशी पुटपुटली, "झोपेत मीच करत आसंल. मला कळत नसंल." आणि गोधडी डोक्यावर घेऊन उन्हं शोधायला परसात गेली. मला ते फार लागलं. मी ओल झाली एवढंच सांगत होते हो, ओल कुणाची ते मी कधीच सांगितलं नव्हतं. ते सगळं घराने आपल्या मनाने जोडलं होतं. पण मला वाजण्यापलीकडे बोलता कुठे येत होतं!

नवरात्रात उत्तरेश्वर आला. दुपारची वेळ होती. हातपाय धुऊन पाटावर बसतो न बसतो तोच कौशल्याबाईंनी सगळं सांगून टाकलं. त्याचा घास हातातच राहिला.

"रोज वाजती?"

"एक दिस सुदिक खाडा न्हाई. आन वर म्हनती, मी केलंच न्हाई."

"आक्का, माणूस खोटं बोलंल, यंत्र खोटं बोलत न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला, आणि भामाकडे न बघता ताटावरून उठला. "मला लई वाईट वाटतंय पोरी, पर आसं कसं न्यावं तुला? तितं चार पोरीत तुजीच फजिती हुईल."

 भामा कणगीच्या मागे जाऊन बसली. रडण्याचा आवाजही येईना. कौशल्याबाई दोनदा तिला बोलवायला गेल्या आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परत आल्या.

उत्तरेश्वरच्या मनाला मात्र चैन पडेना. आपण बनवलेलं यंत्र नापास झालं याचा सल जास्त, की भाचीचं दुःख जास्त, याबद्दल माझा संशय अजून गेलेला नाही. "बॅटरी तरी बगू," म्हणत तो माजघरात आला. सणासुदीचं घर आणि पाहुणा यायचा म्हणून सकाळीच सगळं माजघर लख्ख सारवून ठेवलं होतं; वरून सुकल्यासारखं दिसत होतं, पण आत ओल तशीच होती. त्याने नेहमीच्या जागी जाळ्या अंथरल्या, वर गोधडी टाकली, तारा जोडल्या, आणि जरा आडवं होऊन बघावं म्हणून लवंडला. रात्रभरची आगगाडी, मग बैलगाडीचे हिसके, वर दुपारची सुस्ती. साहेब घोरायलाच लागले!

वजन दणकट होतं. जाळ्या सारवणात रुतल्या. ओल चढली, कापड भिजलं, आणि मी वाजले. मित्रांनो, उभ्या जन्मात एवढ्या जोराने मी वाजले नव्हते.

ओसरीतून भगवानराव धावले. स्वयंपाकघरातून कौशल्याबाई पिठाच्या हाताने आल्या. धुणं टाकून छबुबाईसुद्धा दारात. उत्तरेश्वर धोतर सावरत ताडकन उभा राहिला. चेहरा लालबुंद.

"मी न्हाई! आक्का, देवाशप्पत मी न्हाई!"

भगवानरावांच्या मिशीतलं हसू काही लपेना. "असू द्या पाव्हणं, प्रवासात हुतंय आसं कधी कधी."

"आवो दाजी, चेष्टा काय करता? हे बगा धोतर, कोरडं ठणठणीत हाय!"

कणगीमागून भामा बाहेर आली होती. तिने मामाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मामानं बदललं आसंल."

 छबुबाईने तोंडाला पदर लावला.  कौशल्याबाईंनी खाली वाकून गोधडी उचलली. इतके दिवस त्यांनी ती हाताने दाबून पाहिली होती, किळस म्हणून कधी नाकाजवळ नेली नव्हती. आता नेली. एकदा वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला. मग जमिनीला हात लावला आणि तो हातही हुंगला.

"शेन हाय," त्या म्हणाल्या. "आगं, शेन हाय ह्ये. माज्याच हातचं सारवन हाय."

आणि तिथेच, ओल्या जमिनीवर, फतकल मारून बसल्या. "पान्याला तरसवली रं मी तिला. माजी पोर खरं बोलत हुती आन मी तिला पान्याला तरसवली."

 भामानेच जाऊन वरचा तांब्या काढला. तिने तो उभ्यानेच तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला. पाणी हनुवटीवरून परकरावर सांडलं, तरी कुणी तिला अडवलं नाही. मग तोंड पुसून तिने विचारलं, "मामा, मग मी येऊ का?"

उत्तरेश्वरला हुंदका आवरला नाही. त्याने होकाराची मान डोलावली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. मामा म्हणाला, "घंटी घ्यावी का संगं? आसू दे, लागली तर." भामा म्हणाली, "नगं. मला जाग येती." कौशल्याबाईंनी पोरीच्या गाठोड्यात सगळे परकर भरले आणि जाळ्यांसकट मला माळ्यावर टाकलं.

पुढचं माझं आयुष्य सांगण्यासारखं नाही. बॅटरी फुगून फुटली. कापड उंदरांनी नेलं. वाटीवर हिरवट थर चढला. भामाची सुट्टी आली की खालून तिचा वाचायचा आवाज यायचा, पण माळ्याकडे तिने कधी मान वर केली नाही. मला वाटायचं, ही माझ्यावर डूख धरून आहे. धरला असेल तर तिचं काही चुकलं नाही.

काही वर्षांनी घरात भामाच्या पाठची मुलगी झाली. तीही तीन-चार वर्षांची झाली तरी अंथरुणात ओलं करायची. एका दुपारी शेजारची बाई कौशल्याबाईंना म्हणाली, "तुमच्याकडं ती घंटी हुती न्हवं? लावा की पोरीला."

"मोडली ती," कौशल्याबाई म्हणाल्या. "मीच उटवते तिला रातच्याला. खांद्यावर घेते आन परसात नेते. माजी झोप मोडली तर काय बिगडलं?"

मोडले नव्हते मी. नवी बॅटरी घातली असती तर खणखणीत वाजले असते. पण माळ्यावर पडल्या पडल्या मी तो अपमान मुकाट्याने गिळला, कारण कौशल्याबाईंचं खोटं मला त्या दिवशी पटलं.

तर मित्रांनो, माझी वाटी घासा असं मी म्हणत नाही, तार बदला असंही म्हणत नाही. तुमच्या काळात माझ्यापेक्षा हुशार यंत्रं आली असतील. ती गातील, बोलतील, लेकरांना शाबासकीही देतील. ती खुशाल घरात आणा. पण एखाद्या दिवशी यंत्र एक सांगेल आणि लेकरू दुसरं. त्या दिवशी आधी लेकराला पाणी द्या, आणि मग खाली वाकून वास घ्या.