दोन खिडक्या, एक वॅगन

"पुन्हा दाबा," लीलाधर म्हणाला.

कारकून इंदिराबाईंनी आपल्या खिडकीवर कळ दाबली. शेजारच्या खिडकीवर त्याने स्वतः दाबली. दोन पडद्यांवर दोन वेगळे वॅगन नंबर आले. सकाळपासूनची ही एकशे चाळिसावी खेप, आणि यंत्र पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं गुणी झालं होतं.

जळगावच्या या केळी संघात शहाऐंशी साली कॉम्प्युटर आला, त्याला आता तीन वर्षं झाली होती. एक खिडकी रावेरकडच्या शेतकऱ्यांची, दुसरी यावलकडच्यांची. कारकुनाने कळ दाबली की पुढच्या रिकाम्या वॅगनचा नंबर चिठ्ठीवर छापून येई. पंधरा दिवसांपूर्वी एकच वॅगन दोन चिठ्ठ्यांवर आली आणि फैजपूरच्या जीवराम पाटलांची केळी तीन दिवस रेल्वेच्या मालधक्क्यावर काळी पडली. त्यांची चिठ्ठी यावलच्या खिडकीवरचा कारकून सुकदेव याने दिलेली. पैसे खाऊन त्याने दुसऱ्याच्याच वॅगनची चिठ्ठी दिली, असं ठरवून लोक मोकळे झाले. सेक्रेटरी धनसिंग यांनी त्याला घरी बसवलं. यंत्र पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीनेही पत्र पाठवलं, की यंत्र निर्दोष आहे, चूक कारकुनाची.

लीलाधर त्याच कंपनीचा माणूस. त्याने गप्प बसायला हरकत नव्हती. पण यंत्राच्या मुळाशी जो प्रोग्राम असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यातला नोंदींना कुलूप घालणारा, म्हणजे एक नोंद एका वेळी एकालाच धरू देणारा भाग पुण्यात असताना त्यानेच लिहिला होता. पुढे आईच्या आजारपणामुळे त्याने धुळ्याची बदली मागून घेतली, आणि तेव्हापासून एसटीने हिंडत लोकांचे प्रिंटर दुरुस्त करण्यात त्याचे दिवस गेले. पाठ दुखत होती. आयुष्यात एकच काम मनासारखं केलं, निदान ते तरी चांगलं असावं, एवढंच त्याला वाटत होतं.

शेवटी इंदिराबाईच कंटाळून म्हणाल्या, "भाऊ, आम्ही अशी नाही दाबत. आम्ही घंटीवर दाबतो."

मग खुलासा झाला. कोणत्या खिडकीला आधी वॅगन, यावरून पूर्वी हाणामारीपर्यंत मजल जायची. गेल्याच महिन्यात संघातल्या वडीलधाऱ्या तोताराम आबांनी मध्ये पडून तोड काढली होती. शिपायाने घंटा द्यायची आणि दोन्ही खिडक्यांनी एकदम कळ दाबायची, म्हणजे कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. यात यंत्राशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, म्हणून कुणी सांगितलंही नाही.

शिपायाला बोलावलं. सतराव्या घंटेला दोन्ही पडद्यांवर एकच नंबर आला.

लीलाधरने पिशवीतून छापील कागदांचा गठ्ठा काढला. चूक शोधायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. कर्नेल आधी बघे, की ही नोंद कुणी धरली आहे का. नसेल तर डिस्कची वाट बघत क्षणभर झोपे, आणि उठून सरळ आपलं कुलूप लावे. तेवढ्या झोपेत दुसऱ्या खिडकीवाला येऊन बसलेला असे. एसटीची जागा खिडकीतून रिकामी बघायची, दारातून फिरून यायचं आणि न बघताच बसायचं, तसं. उठल्यावर पुन्हा एकदा बघायचं, एवढंच लिहायचं राहून गेलं होतं. त्याने ते लिहिलं. कर्नेल नव्याने तयार व्हायला पाऊण तास लागला. नंतर शिपायाचा हात भरून येईपर्यंत, तीनशे वेळा घंटा झाली. नंबर पुन्हा जुळला नाही.

पुण्याला फोन केला. साहेब म्हणाले, छान, रिपोर्टमध्ये फक्त 'सुधारणा केली' असं लिहा. त्याने बरं म्हटलं आणि रिक्षाने मेहरूणला सुकदेवचं घर गाठलं.

सुकदेव खाटेवर बसला होता. त्याची बायको लताबाई पाणी घेऊन आली. लीलाधरने सगळं सांगितलं, आणि चूक माझी होती, हेही सांगितलं. सुकदेवने ऐकून घेतलं. मग म्हणाला, की शनिवारी त्याने माफीनामा लिहून दिला. धक्क्यावर घड मोजायचं काम मिळणार आहे, खिडकी नाही.

"पण तुम्ही केलंच नव्हतं ना. मग सही कशाला केली?"

"लीलाधरभाऊ, मी रोज तेच आठवू राह्यलो व्हतो. कळ कव्हा दाबली, कशी दाबली. शेवटी मले वाटाले लागलं, माह्याच हातून झालं आसीन. सही करताना मी खोटं नव्हतो बोलत."

लीलाधरने रिपोर्टचं पुस्तक काढलं आणि साहेबांनी सांगितलेलं न लिहिता मराठीत लिहिलं, की दोष यंत्राच्या प्रोग्राममध्ये होता, तो प्रोग्राम मी लिहिला होता, सुकदेव चौधरी यांची यात काहीही चूक नाही. खाली सही केली. उद्या धनसिंग यांच्या हातात देईन, म्हणाला आणि वाचून दाखवलं.

लताबाई दाराशी उभ्या होत्या. समोरच्या ओट्यावर बाया गहू निवडत बसल्या होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे भाईर अंगनात येऊन वाचता का? जरा जोरात वाचजा."

लीलाधरचा आवाज मुळात बारीक. तो उन्हात उभा राहिला, कागद धरला आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचू लागला. समोरच्या बायांचे हात थांबले. सुकदेव बाहेर आला नाही.